न दुखतानाची पट्टी

१९ नोव्हेंबर, बुधवार

काळी! अख्खी ईसीजीची पट्टी काळी कुळकुळीत! आणि केरबा नाना ती माझ्यापुढं धरून बसलेले, शौर्यपदक दाखवावं तसे!

नाना म्हणजे रिटायर्ड हवालदार. साठी उलटली तरी गावातल्या पोरांना भरतीसाठी पहाटे पळवतात. आज ऊस भरताना बरगडीत चमक आली म्हणून दवाखान्यात आले. वय बघून मी ईसीजी काढला, आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं. छातीवरच्या तारांमध्ये लाईन चांगली वर उचललेली. हार्ट अटॅकमध्ये उचलते तशी.

नाना मात्र निवांत. "ते माझं नेहमीचं हाय, मॅडम. मिल्ट्रीतल्या डॉक्टरसाबनं सांगितलंय, ही तुझी जन्माची पट्टी. ह्यो कागद जपून ठेव, न्हाईतर नवा डॉक्टर दिसला की घाबरंल."

ठेवला की जपून! कोरेगावला नेऊन लॅमिनेशन करून आणला! ईसीजीचा कागद उष्णतेनं काळा पडतो हे त्यांना कोण सांगणार? दुकानदारालाही माहीत नसेल. वर मलाच समजावतात, "आत हाय की समदं. वरनं दिसत न्हाई एवडंच."

हसू येत होतं आणि रागही. जुनी पट्टी दिसली असती तर एका नजरेत निकाल लागला असता. नाही दिसली. मग नवा डॉक्टर म्हणजे मीच घाबरले आणि नानांना ॲम्ब्युलन्सनं साताऱ्याला पाठवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नाना परत. हृदयाचा इको चांगला, रक्ततपासणी चांगली, परत परत काढलेल्या पट्ट्या हुबेहूब सारख्या. घरी न जाता थेट ग्राउंडवर गेले म्हणे.

विजयमाला सिस्टरना तर पर्वणीच. इथंच केस पांढरे केलेत त्यांनी, माझ्यासारखे सरकारी सेवेचा बाँड भरायला आलेले कितीतरी डॉक्टर येताना-जाताना बघितलेत. "बरगडीला साताऱ्याला धाडलं! आता कुनाची दाढ दुखली तर पुन्याला धाडचाल!"

आईला फोनवर सांगितलं तर तीही हसली. "मार्चमध्ये बाँड संपतोय ना? ये सांगलीला परत." येतेच! मग एमडीला स्किन घेणार. स्किनमध्ये कुणी मरत नाही आणि कुणाला साताऱ्याला पाठवावं लागत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगलीला पुष्कर सरांना नानांच्या पट्टीचा फोटो पाठवला. कॉलेजात वॉर्डात सगळ्यांसमोर पिसं काढायचे माझी. आज नाही काढली, फोनच केला.

"शिखरावरून लाईन खाली उतरते ना, तिथं खाली बघ. बारीक खाच आहे. गळाच्या टोकासारखी. दिसली?"

दिसली. बुधवारी घाबरलेल्या डोळ्यांना दिसलीच नव्हती.

"काही निरोगी लोकांची पट्टी अशीच असते. ती खाच म्हणजे त्यांची सही समज. पण वल्लरी, एक लक्षात ठेव. सगळ्यात अवघड अटॅक अशाच माणसाचा. पट्टी रोज उचललेली, त्यामुळं खरंच उचलली तरी सगळे म्हणतात, नेहमीचंच आहे. काही दुखत नसतानाची एक पट्टी काढून ठेव त्यांची. तुझ्याकडं."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नानांना बोलावलं. "दुकत न्हाई तर पट्टी कशाला?" म्हटलं, म्हणूनच! बरोबर लीलाकाकू होत्या, त्यांची बायको. जास्त बोलत नाहीत, सगळं बघत असतात. "काढून घ्या की," एवढंच म्हणाल्या. मूळ पट्टी माझ्या ड्रॉवरमध्ये, उन्हापासून लांब. झेरॉक्स काकूंकडं. नानांच्या मोबाईलवर फोटो. लॅमिनेशनबद्दल हात जोडून विनंती केली.

५ डिसेंबर, शुक्रवार

गावानं माझं बारसं केलंय. 'सातारा मॅडम'! एसटीतून उतरले तर पारावरचा एक जण दुसऱ्याला म्हणतो, "खोकू नगंस गड्या, सातारा मॅडम आल्यात." हसले मी. घरी येऊन भांडी जोरजोरात आपटून घासली.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज छातीत जळजळ घेऊन तिघं आले. तिन्ही ॲसिडिटी. एकालाही साताऱ्याला पाठवलं नाही. तिघंही गेल्यावर त्यांच्या पट्ट्या परत परत बघितल्या. मला ही भीती नकोय. कुणीतरी हसेल म्हणून पेशंट ठेवून घेणारी डॉक्टर व्हायचं नाहीये मला. आणि तशीच होत चाललेय की काय?

५ जानेवारी, सोमवार

खूप रात्र झालीय. तरी लिहितेच.

सकाळी नाना स्वतः चालत आले. काल औंधला यमाईच्या डोंगरावर जाऊन आले होते. आज पळताना अस्वस्थ वाटलं, आता दाढ ठणकतेय. "छातीत कायबी न्हाई. हितं, दाढंत. आन जरा घाम." काकू मागून म्हणाल्या, "जरा न्हाई. बनियन पिळून काढलंय मी."

पट्टी काढली. उचललेली. नेहमीसारखी!

नानांनी मोबाईल पुढं केला. "ही बगा जुनी. तीच हाय का न्हाई?" सिस्टरनी बघितलं, मीही बघितलं. तीच. "पेनकिलर द्या, दाताच्या डॉक्टरकडं धाडा," सिस्टर हळूच म्हणाल्या. खरं लिहिते — मी पेन उचललंसुद्धा होतं. मग ती दाढ आठवली. सिस्टरनी चेष्टा केली होती तीच! दाढ ही चेष्टेची गोष्ट नाही, अटॅकमध्ये जबडाही दुखतो. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय.

ड्रॉवरमधून नोव्हेंबरची पट्टी काढली. खिडकीच्या काचेवर ती ठेवली, तिच्यावर आजची. मागून ऊन. शिखरावर शिखर जुळवलं.

खाच नव्हती.

चक्क नव्हतीच! नोव्हेंबरच्या पट्टीत लाईन पार खाली उतरते, खाच घेते, मग पुढच्या टेकडीवर चढते. आजची खाली उतरतच नव्हती. अर्ध्यातूनच टेकडीवर चढत होती, आणि टेकडी जरा गुबगुबीत झालेली. नवीन काही आलं नव्हतं. जुनं होतं ते गेलं होतं! नानांची सही पुसली गेली होती.

ॲस्पिरिन चावायला दिली. थोड्या वेळानं परत पट्टी काढली, टेकडी आणखी फुगलेली. १०८ ला फोन केला.

नाना उठूनच बसले. "पुन्यांदा सातारा? न्हाई जमनार. गाव हसंल. आवं, पोरं माज्याकडं भरतीला येत्यात, आन मी दाढंसाठी ॲम्ब्युलन्समधनं?" हसणार होते ते मलाही! आणि या वेळी पण काही निघालं नाही तर?

काकू पुढं झाल्या. नानांची चप्पल उचलून स्वतःच्या पिशवीत घातली.

"हसूद्या. हसायला मानूस तर असाया पायजे."

नाना आडवे झाले.

मग साताऱ्याहून तिथल्या डॉक्टरचा फोन. "मॅडम, यांची जुनी फाईल आहे आमच्याकडं. नोव्हेंबरमध्ये तुम्हीच पाठवलं होतं. पट्टी यांची अशीच असते. पहिलं रक्तही नॉर्मल आलंय. बघतो संध्याकाळपर्यंत." चुकत नव्हता तो. त्यानं फोटोला फोटो लावून बघितला असेल, मीही आधी तसंच बघितलं होतं. मी म्हटलं, अटॅक असला तरी पहिलं रक्त नॉर्मल येऊ शकतं, खाच बघा. "कसली खाच?" आवाज चढला माझा. दवाखाना भरलेला, सगळे माझ्याकडं बघायला लागले. बघेनात का! काचेवरच्या दोन्ही पट्ट्यांचा फोटो काढला, पेनानं गोल केला, त्याला पाठवला, सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन. मी रडायच्या बेतात.

"खाच गेलीय," सर म्हणाले. "ठेव फोन. मी साताऱ्याला बोलतो."

दुपार झाली. काही कळलं नाही. येईल त्याला तपासत होते, एकाचंही नाव लक्षात नाही.

नंतर काकूंचा फोन. "पोरी, नळी पार बंद हुती म्हनं. उगडली."

मॅडम नाही म्हणाल्या. पोरी म्हणाल्या. सिस्टरनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा करून आणला. साखर दुप्पट!

६ जानेवारी, मंगळवार

साताऱ्याच्या त्या डॉक्टरचा मेसेज. 'मॅडम, खाच समजली. थँक्यू.' बरा आहे बिचारा. पारावर आज कुणी खोकण्याची चेष्टा केली नाही.

१२ जानेवारी, सोमवार

नाना घरी आले. बघायला गेले. जीव वाचलाय, पण इकोमध्ये हृदयाची पुढची भिंत हलत नाहीये. सरांना विचारलं. "स्नायू मेलाय की नुसता सुन्न झालाय, आत्ता सांगता येत नाही. थांबावं लागेल." नाना मला एकच विचारत होते, "ग्राउंडवर कवा?" काय सांगू? पट्टी तर ओळखू येत नाही आता, टेकड्या उलट्या होऊन खड्डे झालेत. खाच नाहीच. ग्राउंडशिवाय हा माणूस नुसता जिवंत राहील, बस्स.

३० जानेवारी, शुक्रवार

आज मजा झाली. सकाळी दवाखान्यात बायकांचा घोळका, पुढं लीलाकाकू. म्हटलं कुणाला काय झालं? "काय न्हाई झालं. म्हनून तर आलोय." सगळ्यांना न दुखतानाची पट्टी हवी होती! पडदा लावून, नीट वेळ घेऊन सिस्टरनी काढल्या. ईसीजीच्या कागदाचा रोल संपला. काकू जाताना दटावून सांगत होत्या, "लॅमिनेशन कराल तर बगा!"

दुपारी एसटीतून एक अनोळखी माणूस उतरला, बायकोला धरून. कंपाउंडपाशी विचारत होता, "सातारा मॅडम हितंच बसत्यात न्हवं?" सिस्टर ताठ मानेनं म्हणाल्या, "व्हय. आमच्याच हायती." आतून ऐकलं मी. चेष्टा कुठं गेली त्या नावातली?

१४ फेब्रुवारी, शनिवार

आईचा फोन. स्किनचं काय ठरलं? म्हटलं, बघू. 'बघू' कधीपासून म्हणायला लागले मी?

२८ फेब्रुवारी, शनिवार

नानांचा इको झाला. भिंत हलतेय! इथं पट्टी काढली, नोव्हेंबरच्या पट्टीवर ठेवून काचेला लावली. खड्डे भरत आलेत, आणि शिखराच्या पायथ्याशी, बारीक, पण आहे —

खाच परत आली.

आईला फोन केला. स्किन नको, मेडिसिन घेते म्हटलं.