वास : हौशीराम

६ जानेवारी, जुन्नर
पोचले एकदाची! कडेवर नऊ महिन्यांची रिंकू, खांद्यावर तीन पिशव्या, आणि एसटीत शेजारच्या बाईंनी बळेच दिलेली पेरूची फोड तोंडात. हे काम देणाऱ्या पीयूषने त्याच्या बंगल्याचा वरचा मजला उघडून दिला. त्याचे आजोबा, कै. सुवालालशेठ, यांनी जमवलेल्या जुन्या अत्तराच्या बाटल्या ओळखायच्या, साफ करायच्या, यादी करायची. मग तो खाली छोटं संग्रहालय थाटणार आहे. आजी झमकूबाई लोणीला भाचीकडे गेल्यात, तेरा तारखेला येतील. रिंकूला सांभाळायला डिंभ्याच्या सखूबाई आहेत; एसटी आली तर येतात. बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलंच काम. इथल्या भाषेत सांगायचं तर लई खूश आहे.

७ जानेवारी
एकशे बारा बाटल्या! त्यातल्या निम्म्या अलीकडच्या, हे पीयूषला कोण सांगणार? ओळखायची रीत सोपी आहे. तळाशी बेंबीसारखा खरबरीत वण असला तर फुंकून घडवलेली. साच्याची शिवण थेट ओठापर्यंत चढली असली तर यंत्राची. बुचावर आणि मानेवर एकच आकडा कोरलेला असला तर जोडी अस्सल. बाकी नाकाचं काम.
नाकाच्या बाबतीत रिंकू माझ्या वरचढ आहे. मी मागून गुपचूप आले तरी वळते, माझ्या मानेत तोंड खुपसते आणि तेव्हाच झोपते. दुसऱ्या कुणाकडे झोपतच नाही बया.

८ जानेवारी
आज सगळ्यात देखणी सापडली. निळी, वितीएवढी. गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, शेठजींच्या अक्षरात: 'वास : हौशीराम'. माझ्याही यादीत 'वास' असा रकाना आहे, त्यामुळे गंमत वाटली. हौशीराम कुणी अत्तरवाला असावा. बूच अडकलं होतं. कडेने तेलाचा थेंब सोडला, तासाभराने सुटलं. आत अत्तर नव्हतंच. ओल्या घोंगडीचा, भाताच्या पेंढ्याचा वास आला आणि गेला. कोमट पाणी आणि तांदळाचे चार दाणे घालून खळखळवली. रकान्यात लिहिलं: नाही. वाळायला उशाशी उघडीच ठेवली.

९ जानेवारी
बाटली लख्ख. बूच घट्ट बसवून कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली. रिंकू सकाळपासून किरकिरतेय, अंगावर प्यायला तयार नाही. दात येत असतील.

११ जानेवारी
दोन दिवस घातलेला कुर्ता हुंगला. कोऱ्या कापडाचा वास. सर्दी म्हणावी, तर खालची फोडणी इथवर येतेय. सखूबाई म्हणाल्या, ताई, तुमी खोलीत हायसा हेच कळत न्हाई मला. दोनदा बाहेरून कडी लावून गेल्या. पहिल्यांदा हसले मी.

१२ जानेवारी
रिंकूला उचललं की परक्या बाईने उचलल्यासारखी किंचाळते. खाली ठेवली की रांगत कपाटाकडे जाते. निळ्या बाटलीला नाक लावून शांत होते. बूच जरासं सैल करून पाहिलं. आत दूध, घाम, माझं खोबरेल. मी. झटकन दाबलं.

१३ जानेवारी
झमकूबाई आल्या. बाटली पाहून मटकन खाली बसल्या. चिठ्ठीतला वास म्हणजे सुगंध नव्हेच, म्हणाल्या. "राहायचा वास, बाई! घरचं माणूस मरायला टेकलं की डोंगरातली लोकं यांच्याकडं आणायची, बाटलीत ठेवायला. हौशीराम तीस वर्सं ऱ्हात व्हता त्यात. तुमी त्याला धुऊन टाकला."
रिकामी बाटली उशाशी राहिली, की उशाच्या माणसाला आत घेते. परत काढायची रीत फक्त शेठजींना ठाऊक, आणि शेठजी गेले. बूच निघालं तर वास उडून जातो, मग माणूस कुठलंच राहत नाही. फोडली तरी तेच. मी काय करू, म्हणून विचारलं. त्या रडायलाच लागल्या. मला फार भीती वाटतेय.

१४ जानेवारी
संक्रांत. रिंकूचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने. सखूबाईंनी सगळ्यांना विचारलं, पोरीची आई कुठंय? मी समोर उभी होते. ओरडले — कुणी वळलं नाही. झमकूबाईही नाही.

१५ जानेवारी
नवऱ्याला फोन लावला. तो हॅलो, हॅलो करत राहिला. मी बोलत होते —
दूध आटलं.

१६ जानेवारी, दुपार
पीयूषने फोटोसाठी बाटली काढली — सतरंजीवर ठेवून खाली गेला. कपाटात ठेव म्हणून किती —
रिंकूने मांडीत घेतलीय. बिलगलीय तिला, मला बिलगायची तशी. सोडवायला गेले — बोटं काचेवर टेकतात, धरत नाहीत.
बूच तोंडात घेतलंय. दोनच दात आहेत गं तुला —
हलतंय. नको, रिंकू. नको ना —
हसतेय ती. इतक्या दिवसांनी. तिला वाटतंय, उघडलं की आई