व्हॉल्व्हवरची राखण

प्रिय शंभूराज,

पोहोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी पंपहाऊसवर होतो. मनात एक होतं आणि बोललो भलतंच, तिकडे थंडी किती वगैरे. काकींचं, तुझ्या आईचं, तेराव्याचं उरकून तू ड्यूटीवर परत गेलास त्याला आज पंधरा दिवस झाले. तू इथे होतास तेव्हा त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सांगायची म्हणून रोज तुझ्या घरी यायचो आणि चहा पिऊन तसाच परतायचो. फोनवर तर तोंडच उघडत नाही. म्हणून हे पत्र. निबंधात मला कधी दहापैकी चाराच्या वर गुण पडले नाहीत, हे लक्षात ठेवून वाच.

तू फौजेत गेलास आणि मी पाण्यात, असं तूच चिडवायचास. बारा गावांची ही पाणीयोजना, आणि बाराही गावांना वाटतं की पाणी अजमल देतो. अरे, तलावात किती सोडायचं ते वरचे ठरवतात, वीज कधी जाईल ते कुणालाच ठाऊक नसतं आणि मोटर माझ्या नोकरीपेक्षा जुनी. माझ्या हातात काय, तर व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी. वडूजच्या बाजारात लोक मला गाठतात, "आमच्या गावाला कवा सोडतोयस रं?" लग्नाची तारीख धरण्याआधी विचारायला येतात. कधी हसू येतं, कधी चावी तलावात फेकून द्यावीशी वाटते.

तुमची वाडी लाइनीच्या अगदी शेवटाला. दर आठव्या दिवशी पाळी, तीही वरच्या गावाचा व्हॉल्व्ह पक्का बंद राहिला तर. मी बंद करून पाठ फिरवली की कुणीतरी पान्हा लावून तो अर्धा खोलतं. कोण ते मला माहीत आहे, पण मी एकटा कुणाकुणाशी भांडू? म्हणून पाळीच्या दिवशी वाडीची माणसं त्या व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी राखणीला बसतात. आपल्या वेळी तरणी पोरं बसायची. आता निम्मी फौजेत आणि निम्मी पुण्याला, मग बायका बसू लागल्या आणि त्यात काकी सगळ्यांत पुढे. चेंबरच्या झाकणावर पोतं टाकून, काठी मांडीवर घेऊन बसायच्या. वरच्या गावचे लालासाहेब पैलवानसुद्धा त्यांच्यासमोरून मान खाली घालून जायचे. काकी, ऊन लागेल, घरी जा, असं मी म्हणायचो. तर म्हणायच्या, "पोरं समदी भाईर. मग बसायचं कुनी? आन तू चावी फिरवलीस म्हंजी पानी येनारच की." खरं सांगतो, त्यांना उठवायचा मी फार प्रयत्न केला नाही. त्या बसल्या की माझं काम सोपं व्हायचं.

मोटरसायकलवर मध्ये धरून त्यांना वडूजच्या दवाखान्यात मीच नेलं, ते तुला सगळ्यांनी सांगितलं. उष्माघात झाला, उशीर झाला, हेही सांगितलं. त्या दिवशी वाडीत पाणी आलं नाही, ते वरच्या गावानं मधूनच ओढलं, असं सगळे धरून चालले आहेत. दहाव्याला तू चारचौघांत मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "अजमलनं माझ्या आईला एकटं सोडलं नाही." मी रडलो. लोकांना वाटलं, काकींसाठी रडतोय.

काल वाडीतले नाथाजीआबा आले होते. चेंबरपाशी काकींच्या नावाची फरशी बसवायची आहे, पाण्यासाठी जीव दिला असं तिच्यावर कोरायचंय, मजकूर तूच लिहून दे म्हणाले. मला लिहवत नाही, शंभू. त्या मंगळवारी सकाळी सहा वाजताच मोटर जळाली होती. साहेबांना फोन केला, तर म्हणाले की आज कुणाला कळू देऊ नकोस, मागच्या वेळी लोकांनी पंपहाऊसला टाळं ठोकलं होतं, दुपारपर्यंत दुसरी मोटर मिळवतो. मोटर त्यांना तरी कुठे मिळत होती? ती दुसऱ्या दिवशी आली. वाडीपर्यंत पाणी पोहोचायला एरवीही चार-पाच तास लागतात, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. नऊ वाजता मी चेंबरपाशी गेलो. काकी येऊन बसल्या होत्या. मी नेहमीसारखी चावी घातली, व्हॉल्व्ह बंद केला आणि म्हणालो, झालं काकी, आता तुमच्याकडे जाईल. त्यांनी पदरातल्या भाजलेल्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. त्या खात खात मी निघालो. काकी चारपर्यंत उन्हात बसून होत्या. पाइप कोरडा होता, आणि तिथे फक्त मलाच ते ठाऊक होतं.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच,
अजमल