मालागाला मी कशाला आले होते

चि. तुषार,

तुझं स्पेनमधलं मालागा सुंदर आहे, हे आधी कबूल करते. इतकं लख्ख ऊन आणि इतका निळा समुद्र मी कधी पाहिला नव्हता.

पण बारा दिवस तू रोज मला किनाऱ्यावरच्या बाकावर बसवून ऑफिसला गेलास. "आई, मस्त ऊन घे!" अरे, नाशिकची बाई उन्हासाठी विमानात बसते का? भोवती उघड्या अंगाने पहुडलेली माणसं, कुणाची भाषा कळेना, आणि मी साडी सावरत तुझी वाट बघतेय.

संध्याकाळी म्हणायचे, "जरा बोलायचंय." तू म्हणायचास, "मीटिंग संपू दे." विमानतळावर पुन्हा तोंड उघडलं, तर तू माझा फोटो काढलास.

मी आणि माझ्या शाळेतले बागूल सर लग्न करतोय. तुझी परवानगी नको होती, तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं. कागदावरच कळवायचं असतं, तर इतक्या लांब आलेच नसते. म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

सोमवारी नोंदणी आहे. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी होती. काल शेजारच्या शाझियाला विचारलं. ती हातातलं काम टाकून आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

तुझी,
आई