मूळव्याध नव्हती, अप्पा

आणि आता अक्काही मूळव्याधच म्हणायला लागली, अप्पा. परवा फोनवर म्हणते, "रक्त पडतंय थोडं. ताक पितीया, जाईल की." तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. तुम्हीही वर्षभर ताक प्यायलात, इसबगोल खाल्लंत, कागलच्या दुकानात गादीवर उशी घेऊन बसलात आणि गिऱ्हाईक आलं की हसलात. रक्ताचं बोलायला लाज वाटली, मरायला नाही वाटली.

आतड्याचा कॅन्सर आहे हे मला सुरतेत, मिलच्या फोनवर कळलं. गाड्या बदलत कोल्हापूरला आलो, तर वॉर्डात मला बघून तुमचं पहिलं बोलणं काय? "पगार कापला असंल की तुजा." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोट रिकामं करायचं औषध तांब्यानं मीच पाजलं. संडासाच्या दारात मी उभा, आत तुम्ही, आणि दर खेपेला आतून ओरडणं, "लांब हो तिकडं!" तुमचं धोतर नळावर धुऊन आणलं, तर शेजारच्या खाटेवरच्याला सांगताय, "पावणं, सातवी नापास हाय, पर धुणं झ्याक धुतोय." सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, पण आतून पेटलो होतो.

सकाळी सिस्टर आली. गळ्यातलं काढा म्हणाली. तुम्ही इष्टलिंग मुठीत धरलंत. "ह्ये जित्तेपणी अंगावरनं उतरत न्हाय. मेल्यावरबी हातात दिऊन पुरत्यात आमच्या लिंगायतांत." ती म्हणाली, आजोबा, डॉक्टर थांबलेत. "मग जाऊ द्या की त्यास्नी," म्हणून तुम्ही खाटेखाली पायानं चप्पल शोधायला लागलात. मग मात्र मी ओरडलो. "घिऊनच मरा की मग! कशाला बोलावलासा मला?"

तुमचा पाय थांबला. मिलच्या रंगानं निळ्या पडलेल्या माझ्या नखांकडं बघत बसलात. मग म्हणालात, "हात धुऊन ये जा." आलो. माझ्या डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवलंत. "मी येस्तवर खाली ठिवायचं न्हाय."

तुम्ही आत ऑपरेशनला, मी बाहेर बाकावर बसलोय. चहावाला येतो, जातो. लघवीला लागलंय, हात खांद्यापासून बधिर झालाय, पण तळवा तसाच वर. तुम्ही शुद्धीवर आलात आणि विचारलंत, "खाली ठिवलं न्हाईस न्हवं?" जेवलास का, एवढंही नाही. ते मी अजून गिळलेलं नाही, अप्पा.

आणि त्याहून मोठं दुसरंच. डॉक्टर म्हणाले होते, पोरांनीही वेळेवर तपासून घ्यावं. तुम्ही माझं मनगट धरलंत, "अक्काच्या सासरी कळाय नको." पोटात रोग होता तो होता, वर असली शपथ घातलीत! तुम्ही गेलात तरी मी ती पाळत बसलो. ती मात्र काल मोडली. फोनवर अक्काला सगळं सांगून टाकलं. आधी रडली, मग तुमच्यावर चिडली, मग माझ्यावर. "आन् तू? तू तपासलंस काय रं?" मी लाईन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

नाही तपासलं. डॉक्टरसमोर लुंगी सोडायची लाज वाटते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू, आणि हा कागद तरी कुठल्या पेटीत टाकू? अक्काच्या दुर्बिणीच्या तपासणीला उद्या दोन हजार पाठवतोय.