दहा नंबरची गौर

कोलकाता,
कालीपूजेनंतरचा रविवार

तीर्थरूप रजनीताईला शर्वरीचा नमस्कार. (साष्टांग किंवा चरणस्पर्श मुद्दाम लिहिलं नाही. पायांचा विषय पुढे यायचाच आहे, तो पहिल्याच ओळीत नको.) उदयदाजींचा गुडघा कसा आहे? जिना चढू नका असं सांगितलेलं असूनही ते गच्चीवर पापडांची राखण करायला जातात, हे सायलीकडून कळलं. त्यांना म्हणावं, कावळ्यांना चार पापड गेले तर जाऊ देत. मी इकडे ठीक. थंडी अजून आलेली नाही, पण आमच्या गल्लीतल्या लोकांनी कानटोप्या चढवल्या आहेत. थंडीची वाट पाहणं त्यांना कमीपणाचं वाटत असावं.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर जे नाव तू घातलंस त्याची आमच्या पोस्टमनलाही सवय राहिलेली नाही. त्याने विचारलं, हे कोण? मी म्हटलं, मीच, जुनी गोष्ट आहे. सही मात्र त्याने नव्या नावाची घेतली. सहा वर्षांपूर्वी मी तुझा भाऊ असणं थांबवलं आणि बहीण झाले, ही गोष्ट सरकारी टपालखात्याने इतक्या सहज मानली याचं मला कौतुक वाटलं, आणि घरच्यांनी मानली नाही याचं आश्चर्य वाटलं नाही, याचंही थोडं वाईट वाटलं. (या वाक्यात मी स्वतःची कीव करते आहे का, हे दोनदा तपासलं. थोडी करते आहे. राहू दे.) पत्रात तू विचारलंस की गौरीच्या त्या फोटोतल्या पायांत आईची जोडवी कशी, असला फोटो कोण कशासाठी काढतं, आणि सायलीच्या लग्नाची पत्रिका शुक्रवारी छापायला जाते आहे तर मामाचं नाव काय घालू. पुढे लिहिलंस, ''कै.' घालता येत नाही, आणि 'श्री.' घातलं तर तू येशील तेव्हा लोक विचारतील.' हे वाक्य मी बरेचदा वाचलं. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात एकही चूक नाही.

आधी फोटो. तू रागाने विचारलंस, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ सांगते. पाय माझे आहेत. इंटरनेटवर एक ठिकाण आहे, तिथे लोक वर्गणी भरून माझ्या पायांचे फोटो पाहतात. घोट्याच्या वर काहीही नाही. सुरुवात चपलेपासून झाली. माझा पाय दहा नंबर, आणि सियालदहच्या बाजारात बायकांच्या चपला आठ नंबरला संपतात. (नववा मागितला की दुकानदार आपल्या तोंडाकडे बघतो, दहावा मागितला की बाहेर बघतो.) शेवटी मी पुरुषांच्या सँडलमध्ये, नखांना गुलाबी रंग लावून, पायांचा फोटो काढला आणि इंटरनेटवर विचारलं की या पायांना बायकांची चप्पल कुठे मिळेल. दुकानाचा पत्ता एकानेही दिला नाही. पायांची स्तुती मात्र इतक्या लोकांनी केली, की मी आरशासमोर खुर्चीवर चढून पाहिलं, आजवर माझ्या लक्षात न आलेलं असं त्यात काय आहे. काही दिसलं नाही. पण ताई, माझ्या शरीराबद्दल आजवर लोकांनी मला प्रश्न विचारले आहेत, सल्ले दिले आहेत, एकाने तर उपासही सुचवला आहे. स्तुती पहिल्यांदाच झाली. ऑफिसने 'ग्राहकांसमोर नको' म्हणून मला घरून काम करायला लावलंय ते तुला माहीत आहेच. घरात बसलेल्या माणसाला स्तुतीचं व्यसन लवकर लागतं.

त्या वर्गणीच्या ठिकाणी नाव नोंदवताना त्यांनी विचारलं, स्त्री, पुरुष की ट्रान्स. मी एक अख्खी संध्याकाळ विचार केला. 'स्त्री' म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाला वाटायला नको की आपल्यापासून काही लपवलं, म्हणून 'ट्रान्स'वर खूण केली. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझं पान 'फक्त प्रौढांसाठी' या दालनात. चंदननगरच्या एक बाई आहेत, त्यांचेही पायच, रंगही तोच, त्या मात्र 'सौंदर्य व निगा' मध्ये. मी लिहून विचारलं की घोट्याखाली त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक आहे ते कळवावं. उत्तर आलं, आम्ही आपल्या भावनांबद्दल संवेदनशील आहोत. म्हणजे मी खरं सांगितलं त्या क्षणी माझे पाय वयात आले. (अर्थात लोक माझ्याकडे निगा शिकायला येत नाहीत, हेही मान्य करायला हवं. काही पुरुषांना पाय पाहून शृंगारिक वाटतं. पुष्कळ पुरुषांना वाटतं, एवढंच की ते तुझ्या भजनी मंडळात बोलत नाहीत.) हे वाईट आहे का, यावर मी डायरीत पानंच्या पानं लिहिली आणि एकाही पानाशी माझं एकमत झालं नाही. आपण तरी काय करतो? जावई आला की पाय धुतो, पाहुण्याला पायधूळ झाडायला सांगतो, सून आली की पायगुण बघतो, म्हाताऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवतो. एवढं सगळं पायांशी करून, पाय आवडतात असं एखाद्याने स्पष्ट सांगितलं की आपण दचकतो.

माझ्या वर्गणीदारांत एक सलीलबाबू आहेत, बागबाजारचे, विधुर. वृद्ध असावेत, कारण प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'प्रणाम' लिहितात. बंगालीत ही साधी रीत आहे, पण माझ्या बाबतीत ती अगदी नेमकी बसते. ते पायांची विचारपूस करतात. पावसाळ्यात 'चिखल्या तर झाल्या नाहीत ना?' असं विचारणारं माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही. एकदा एका दुसऱ्या वर्गणीदाराने टाचेच्या भेगांची मागणी केली. मी आदल्याच आठवड्यात आईच्या पद्धतीने कोकमतेल लावून त्या बऱ्या केल्या होत्या, तर तो रागावून निघून गेला. सलीलबाबूंनी मात्र कोकमतेलाची कृती मागून घेतली. भाद्रपदात त्यांनी एक विनंती केली. बंगाली घरात नवी सून येते तेव्हा ती दुधात आलता कालवलेल्या परातीत पाय ठेवून आत येते. (आलता म्हणजे पायांना लावायचा लाल रंग.) तसा एक फोटो हवा, म्हणाले, आमच्या घरात आता कुणी यायचं राहिलेलं नाही.

आता दहा नंबरचे दोन पाय मावतील अशी परात माझ्या घरी कुठली? आमच्या वसाहतीत सात-आठ मराठी घरांचं मंडळ आहे, त्यांची पुरणाची मोठी पितळी परात सरलावहिनींकडे असते. (सरलावहिनी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेल्या जयप्रकाशरावांच्या पत्नी. मंडळात मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही यावर चर्चा चालली होती तेव्हा यांनी ती चालू असतानाच मला कुंकू लावून टाकलं होतं.) पाय शेकायचे आहेत असं सांगून मी परात आणली. खोटं बोलल्यामुळे इतकं अस्वस्थ वाटलं, की प्रायश्चित्त म्हणून आधी पाय खरोखर शेकले. मग दूध, आलता, फोनचा स्टँड, गोल दिवा, सगळं मांडून परातीत उभी राहिले आणि दार उघडून वहिनी आत. गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, त्यांना परात हवी होती.

'अगं बाई! दुधात?'

'भेगांसाठी,' मी म्हटलं.

'आणि हा दिवा?'

'भेगा दिसाव्यात म्हणून.'

'मला काय खुळी समजतेस? माझ्या गालांपेक्षा गुळगुळीत टाचा आहेत तुझ्या.'

मग मी सगळं सांगितलं. (कुणी सरळ विचारलं की मी सगळं सांगते, हा माझा गुण की रोग ते अजून ठरलेलं नाही.) वहिनी स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, तोंड दाखवायचं नाही? नाही म्हटलं. नुसते पाय, आणि माणसं बघतात? बघतात म्हटलं. त्यांनी परातीतल्या माझ्या पायांकडे वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, 'आमच्या ह्यांनी माझ्या पायाकडे शेवटचं पाहिलं ते प्लास्टर घातलं तेव्हा. तेही डॉक्टर किती घेतील म्हणून.' आणि उठून पदर खोचला. 'अंगठे आत घे. कोंबडीसारखी काय उभी राहिलीस! निऱ्या जरा वर. पैंजण नाहीत? बरं, जोडवी आहेत ते छान.' फोटो त्यांनीच काढला, माझ्या फोनवर एक आणि त्यांच्या फोनवर एक. परात स्वतः चिंचेने घासून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो आला. कडेला झेंडूची फुलं, वर 'सोनपावलांनी आली गौराई, ज्येष्ठागौरी आवाहनाच्या शुभेच्छा'. मी धावत गेले तर म्हणाल्या, 'अगं, गौरीचेच दिसतात. मला काय माहीत पुढे जाईल म्हणून?' तो पुढे गेला. पुण्याला गेला, साताऱ्याला गेला, आणि सांगलीला तुमच्या भजनी ग्रुपवर पोचला, तिथे सगळ्या बायकांनी हात जोडले. बंगाल्यांची सून निघाली होती, महाराष्ट्रात पोचेपर्यंत तिची गौर झाली. एका माणसाने वर्गणी भरून मागितलेली गोष्ट फुकट सर्वत्र गेली म्हणून मी सलीलबाबूंची लेखी माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं, 'आता आपण सर्वांच्या झालात. प्रणाम.'

सगळ्यांनी हात जोडले, जोडवी फक्त तू ओळखलीस. डाव्या जोडव्याला, ते तुटलं होतं तेव्हा, सोनाराने सांधून डाग दिलेला आहे, तो तुला दिसला. ताई, मी ती घेतलेली नाहीत. बाबा गेल्यावर आईने ती काढून डबीत ठेवली होती. शेवटची दोन वर्षं आई माझ्याकडे राहत होती तेव्हा एके दुपारी तिने मला पाटावर बसवलं आणि ती माझ्या बोटांत चढवली. म्हणाली, रजनीची बोटं नाजूक, तिच्या पायातून गळतील. तुझे पाय माझ्यावर गेलेत. लग्न न झालेल्या बाईने जोडवी घालू नयेत हे तिला माहीत होतं. 'बाई' हा शब्द तिने उच्चारला नाही, मीही उच्चारायला लावला नाही. हे तुला तेव्हा कळवायला हवं होतं का? मी कळवलं असतं तर तुला आईचा राग आला असता, आणि ती गेल्यावर कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, आता कोण विचारणार तिला. म्हणून मी ते जगाला दाखवलं आणि तुला सांगितलं नाही. वाचताना हे फारसं शहाणपणाचं वाटत नाही खरं.

सायलीच्या लग्नाला जोडवी मी घेऊन येईन. ती आता तिचीच आहेत. सायलीचा पाय आठ नंबर आहे, सोनाराकडून जरा आवळून घेतली की बसतील. तिला आशीर्वाद. दाजींना गुडघ्यावर तिळाचं तेल चोळायला सांग.

तुझीच,
शर्वरी

ता. क. पत्रिकेचं राहिलंच. आपल्याकडे नवरीला जोडवी मामाने घालायची रीत आहे, ती मोडायला मी सांगत नाही. मी घालीन. मंगलाष्टकांना तिच्या मागे उभी राहीन, अक्षता संपेपर्यंत हलणार नाही. मामाचं सगळं काम करीन, नाव फक्त माझं छाप. 'मावशी : शर्वरी', एवढंच. आडनाव जागा उरली तर. लोक विचारतील हे खरं. त्यांना माझ्याकडे पाठव, मला सगळं सांगायची सवय आहे. आणि काही कारणाने छापता येणार नसेल, तर 'कै.' घाल, पण मग मी येणार नाही. मेलेल्या माणसाने जेवणाच्या पंगतीत बसणं बरं दिसत नाही.

ता. क. दुसरा. लिहू नये असं ठरवलं होतं, पण शुक्रवार जवळ आलाय. सायली काल फोनवर म्हणाली की गौरीच्या दिवशी तू तो फोटो मोठा करून देवघरात ठेवला होतास आणि नवस बोललीस, पोरीचं लग्न जमू दे, गौराई, तुझी खणानारळाने ओटी भरीन. महिन्याभरात स्थळ जमलं. यात माझं कर्तृत्व काही नाही, मुलगा चांगला आहे आणि सायली त्याहून चांगली आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. पण बोललेला नवस फेडावा लागतो, आणि कुणाच्या पायांना बोललीस ते आता तुला ठाऊक आहे. माझी ओटी आजवर कुणी भरलेली नाही. कुंकवापर्यंत सरलावहिनी येतात, त्यापुढे त्यांचाही हात थांबतो. खण साधा चालेल. नारळ मी इकडून आणते.