वीतभर पुढे

९ मार्च, रविवार

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्याचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा खोकला थांबला. ताई परवा येऊन गेली, तिने तुझा पत्ता दिला. तू गोदामात पोती उचलतोस, गाड्यांच्या कामाला हातही लावत नाहीस, असं म्हणाली. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. असो.

गॅरेजचं लिहितो. बाबांची चाकांची खुर्ची आता आत जाते. तुझी गाडी उजव्या भिंतीला चिकटवली, आरसा आणि भिंत यांच्यात चार बोटं उरली. दोन गाड्यांच्या मध्ये अडीच फूट मिळाले. शिडी छताला आडवी टांगली. पाने, हातोड्या, करवती भिंतीवर लावून प्रत्येकामागे पेन्सिलने त्याचा आकार काढला, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच कळतं. ताई म्हणाली, "आता आमचेही आकार काढ रे, कोण घरात नाही ते कळेल." सगळे हसले. मग आई उठून आत गेली.

रंगाच्या डब्यांची फळी अजून वर्कबेंचच्या मागेच आहे. ती बसवली तेव्हा तू दोन दिवस बाहेरगावी होतास. फळीला जागा हवी म्हणून मी बेंच वीतभर पुढे ओढला आणि नवी भोकं पाडून बोल्टांनी जमिनीला आवळला. बाबांनी फक्त फळी पाहिली आणि म्हणाले, "शाळेत नापास, पण जागेच्या गणितात पहिला!" मी दिवसभर अभिमानाने फुगून होतो.

छताला टांगलेला चेंडू तुझाच. गाडीच्या काचेला तो टेकला की थांबायचं, म्हणजे बंपर आणि बेंच यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढी जागा उरते. बाबा तिथेच पाठमोरे उभे राहून काम करत. गाडी आत येताना वळूनही बघत नसत. "चेंडू आहे ना? मग मी कशाला बघू?"

दादा, मी बेंच पुढे ओढला. चेंडू सरकवला नाही. विसरलो.

परत आल्यावर दुसऱ्या सकाळी तू अंगणात बाबांच्या गाडीला नवे ब्रेक बसवलेस आणि म्हणालास, "घे आत. हळू." मी हळूच घेतली. बाबा ओरडले आणि त्याच क्षणी चेंडू टेकला. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. वीतभर उशिरा.

आई धावत आली. "काय केलंस रे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्रेक लागला नाही."

नंतर तू चार वेळा ब्रेक दाबून पाहिलास. चारही वेळा लागला. तरी म्हणालास, "आत हवा राहिली असेल. माझीच चूक." मी होकारार्थी मान हलवली. बाबा दवाखान्यात तुला जे बोलले तेही मी खाली मान घालून ऐकलं.

काल बाबांना पहिल्यांदाच गॅरेजमध्ये नेलं. खुर्चीतून जमीन जवळ दिसते. बेंचखाली बघत म्हणाले, "ही भोकं कशाची?" जुन्या बोल्टांची, म्हणालो. त्यांनी मला वीत लावायला सांगितली. बरोबर एक वीत. मग ते वर चेंडूकडे बघत राहिले.

"थोरल्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग लिही. जो खोटं बोलला त्यानेच निस्तरावं." मग म्हणाले, "आणि हेही लिही, की मी त्याला जे बोललो ते..." वाक्य तिथेच सोडून त्यांनी खुर्ची वळवायला सांगितली.

ब्रेक चांगले होते, दादा. आईला दवाखान्यात नेतो ते अजून त्याच ब्रेकांवर. गाडी मी चेंडूच्या अलीकडेच थांबवतो. चौदा महिने चेंडू हलवला नाही, कारण कुणीतरी विचारलं असतं, का हलवलास म्हणून. आज पत्र पेटीत टाकून आलो की हलवणार आहे.

तुझी गाडी दर रविवारी सुरू करतो. तुझ्या पान्यांना तेल लावतो. तू ये असं लिहायचा मला हक्क नाही, पण तुझं गाड्यांचं काम पुन्हा हाती घे. त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती.

पत्राच्या शेवटी थोरल्यांचा आशीर्वाद मागतात. या वेळी मागत नाही.

तुझा,
धाकटा