उघडे डोळे

४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं रीळ ट्रकवाल्याने आणून दिलं, सोबत पत्र मात्र नाही. तुझा आळस मला काय नवीन आहे? मंदीत आपल्या फोटोच्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही, त्यामुळे हात शिवशिवत होतेच. लगेच सगळे फोटो धुतले. शेतमजुरांच्या ताडपत्रीच्या झोपड्या, रिकाम्या टोपल्यांवर कामाची वाट बघत बसलेली माणसं पाहून घास उतरेना.

मांडीवर बाळ घेतलेली ती बाई तर डोळ्यांपुढून हलत नाही. बाळाचे डोळे तेवढे मिटलेले. दुकानात बाळं ऐन वेळी डोळे मिटतातच, आणि ते उघडायला बाबांनी मला शिकवलंच आहे. बारीक कुंचल्याने दोन ठिपके दिले, बाळ एकदम टवटवीत झालं! सगळे फोटो तुझ्या वर्तमानपत्राच्या संपादकांकडे नेऊन दिले, त्यांनी तोच पहिल्या पानावर छापला. आता लोक धान्य पाठवतील, म्हणाले. अंक सोबत आहे.

शाबासकी विसरू नकोस आणि वेळेवर जेवत जा.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माझं पत्र टपालाने निघालं होतं, तुला उशिरा मिळालं असणार. ताई, ते बाळ झोपलं नव्हतं. पहाटे तापाने गेलं होतं. त्याचा बाप ते जन्मायच्या आधीच काम शोधत फळबागांकडे गेलेला. निदान फोटोत तरी त्याला पोराचं तोंड दिसावं, म्हणून आईने पुरण्याआधी मला बोलावून घेतलं.

मुकादमाकरवी बापाला निरोप गेला. मागोमाग तुझा अंक त्याच्या हाती पडला. निरोप खोटा, पोर जिवंत आहे, असं सगळ्यांना सांगत सुटला आणि मिळालेलं काम टाकून इकडे निघाला आहे.

बाईने अंक पाहिला. रागावली नाही, रडलीही नाही. घडी घालून उशाशी ठेवला. तुझा राग आला होता तो ओसरला, आता नुसती भीती वाटते. न रंगवलेली प्रत ताबडतोब पाठव.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

प्रत सोबत आहे. ती उमटताना मी तोंड फिरवलं. रंगवलेले डोळे तर भिंतीकडे पाहिलं तरी दिसतात. ते कोणाचेच नाहीत रे, दुकानात सगळ्याच बाळांना मी तेच काढते. त्या माणसाला वाटेतच गाठ. चूक माझी आहे म्हणून सांग. शिव्या मला घालू दे.

ताई

१७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी फाट्यावर थांबलो आणि तो शेतांतून आडवाटेने आला. मी पोचलो तोवर बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं. दोन्ही फोटो पुढे ठेवून डोळे रंगवल्याचंही मी सांगितलं. ते त्याच्या कानांत शिरलं की नाही, कोण जाणे. मिटल्या डोळ्यांचा फोटो त्याने पालथा ठेवला. अंक उजेडात नेला, बराच वेळ पाहिला, आणि डोळे माझ्यावर गेले होते ना, असं बायकोला विचारलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, हो, अगदी तुमचेच.

मी निघालो तेव्हा ती मागोमाग बाहेर आली. म्हणाली, त्यांना जवळ ठेवायला एक मोठी प्रत हवी आहे, उघड्या डोळ्यांची. ताई, तुला पुन्हा कुंचला धरावा लागेल.

माया आहे तशीच असू दे.

तुझा धाकटा